अर्धे ताट, अर्धे यान

आमच्या बेलपाड्याच्या घरात टीव्हीच्या डाव्या अंगाला एक अंतराळयान उभे आहे. लांबी साधारण २९ सेंटिमीटर, रंग फिकट करडा. जवळ जाऊन पाहिले तर उजव्या बाजूचा रंग जितका सफाईदार आहे तितका डाव्या बाजूचा नाही. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वयाच्या ७४व्या वर्षी ते जोडले, घासले आणि रंगवले. त्याला सहा महिने लागले. काम सुरू करण्यापूर्वी तीन-चार महिने आधी त्यांना पक्षाघात झाला होता आणि शरीराची डावी बाजू दुबळी झाली होती.

आपल्या घरी असे आजारपण येऊन गेले असेल, तर त्यानंतरचे दिवस कसे असतात हे आपणांस ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, मग ती आटते. सकाळी व्यायाम, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीतली खुर्ची. हातात बळ यावे म्हणून एक रबरी चेंडू मिळालेला असतो, तो दिवसातून शंभरदा दाबायचा. अण्णांनी एकतीस वर्षे तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. आठवडाभर चेंडू दाबल्यावर त्यांनी तो खाली ठेवला आणि विचारले, "शंभरदा दाबून यातून तयार काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर माळ्यावर होते. दसऱ्याच्या साफसफाईत माझ्या मुलाचा एक जुना खोका निघाला. दहावीच्या सुटीत हौसेने आणलेला आणि चार भाग कापून तसाच टाकून दिलेला, 'स्टार ट्रेक' या मालिकेतील 'एंटरप्राइझ' या यानाच्या प्रतिकृतीचा संच. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागत असे, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अण्णांनाही आठवत होती. त्यांनी खोक्यावरचे चित्र पाहिले, झाकण उघडले आणि पहिला प्रश्न कारागिराचा विचारला, "माप काय धरलंय?"

माप होते एकास हजार. म्हणजे कथेतील २८९ मीटरचे यान इथे सुमारे २९ सेंटिमीटरचे. एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर, हा हिशेब त्यांना फार आवडला. या मापाने माणूस पावणेदोन मिलिमीटरचा, आमची सात मजली इमारत अंगठ्याच्या पेराएवढी, आणि खिडकीतून दिसणारी आपली मेट्रो? बेलापूर ते पेंढर ही ११ किलोमीटरची मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली, तिच्यावर आमचे बेलपाडा हे तिसरे स्थानक. ती सारी या मापात ११ मीटरची होईल. "आपल्या दारापासून लिफ्टच्याही पुढे जाईल," अण्णा म्हणाले. आजारपणानंतर त्यांनी स्वतःहून मांडलेला तो पहिला हिशेब होता.

येथे एक शंका आपल्या मनात येईल, आमच्या नातेवाइकांच्याही आली. म्हाताऱ्या माणसाच्या हाती खेळणी द्यायची का? ज्या घरात दिवाळीला मातीचा किल्ला होतो आणि गणपतीला मखर रचले जाते, त्या घराने तरी हे विचारू नये. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले २३ ऑगस्ट २०२३ रोजी, आणि चार आठवड्यांत आलेल्या गणपतीत कितीतरी मखरांमध्ये ते यान दिसले. ते रात्र-रात्र जागून करणाऱ्यांत साठी ओलांडलेले थोडे नव्हते. अंतराळकथाही आपल्याला परक्या नाहीत. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपली आद्याक्षरे उलटी करून, पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले होते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला जे खेळावेसे वाटले, ते आपल्या घरच्या ज्येष्ठांनी खेळण्यात संकोच कसला?

आता कामाकडे वळू.

अशा संचात भाग सुटे नसतात. ते एका प्लास्टिकच्या चौकटीला बारीक दांड्यांनी जोडलेले असतात. कापण्यासाठी धारदार पाते वापरण्याची रीत आहे, पण पक्षाघातानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि अशांची लहानशी चीरही बराच वेळ वाहते. मधुमेहाने किंवा पक्षाघाताने बोटे बधिर झालेली असतील, तर कापलेले कळतही नाही. आम्ही पायाच्या नखांचे मोठे नेलकटर वापरले. ते उत्तम चालते. भागाला थोडी दांडी शिल्लक ठेवून कापायचे आणि उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासून काढायचा. पेपर पाण्यात भिजवून घासावे, म्हणजे प्लास्टिकची धूळ उडून छातीत जात नाही. अण्णांनी पेपर बाजूला सारला आणि आपली जुनी बारीक कानस मागितली. ती अजून पेटीत होती, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली.

पुढची पायरी म्हणजे डिंक न लावता भाग एकमेकांत बसवून पाहणे. घाई असणारे ती टाळतात आणि पस्तावतात. फिटर ती कधीच टाळत नाही. दोन भागांच्या सांध्यात फट राहिली तर तीत लांबी भरायची, वाळली की पुन्हा घासायची. मग अस्तराचा एक हात, त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. भिंतीला रंग देणाऱ्यांना हे सारे सांगावे लागत नाही, येथे फक्त भिंत तळहाताएवढी असते.

आमच्या संचातील एक भाग हरवला होता. यानाच्या पोटाच्या पुढच्या टोकाला तांबूस रंगाची एक खोलगट तबकडी असते, तीच नव्हती. अण्णांनी औषधांच्या डब्यात हात घातला आणि डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीचे झाकण काढले. कापून, घासून, रंगवून ते असे बसले की मूळ भाग कसा होता याची आता कोणाला आठवण नाही. ही चोरवाट थोरामोठ्यांनीच घालून दिली आहे. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील यानांवर जी असंख्य यंत्रे आणि नळ्या दिसतात, त्यांतील पुष्कळशा बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि मोटारींच्या संचांतून काढून चिकटवलेल्या होत्या. परदेशी संच महाग पडतात. तेव्हा संचाच्या नादी न लागता गोळ्यांची रिकामी पाकिटे, सिरपची मापाची टोपणे, बॉलपेनच्या नळ्या, बंद पडलेला चार्जर एवढ्यावरही पूर्ण यान उभे राहते. गोळ्यांच्या पाकिटावरचे रिकामे फुगवटे करड्या रंगात रंगवले की ते कशाचे आहेत ते ओळखून दाखवावे!

अण्णांचा उजवा हात धड होता, ते उजखोरे. मग अडचण कुठे आली? धरण्यात. कोणतेही बारीक काम एक हात करतो आणि दुसरा धरतो. धरणारा हात आपल्या कधी लक्षातच येत नाही. अण्णांचा डावा हात अवजड झालेला, बोटे मिटत पण पटकन उघडत नसत. म्हणून धरायचे काम मी घेतले. त्यांनी कानस फिरवायची आणि मी भाग धरायचा. आठ-दहा दिवस असे चालले. मला वाटत होते की मी मोठी सेवा करते आहे. एके दिवशी ते शांतपणे म्हणाले, "पोरी, तू धरतेस, म्हणून तो धरत नाही."

त्यांच्या त्या वाक्यामागे एक मोठे संशोधन आहे, हे मला नंतर कळले. एडवर्ड टाउब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मेंदूला इजा झाल्यावर दुबळा हात वापरून पाहिला, जमले नाही, असे वारंवार झाले की माणूस तो हात वापरणेच सोडतो. पुढे हातात थोडे बळ परत येते, पण न वापरण्याची सवय तशीच राहते. यावर त्यांनी उपचार शोधला तो असा, की चांगला हात दिवसाचा बराच वेळ मोज्यात बंद ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास सराव करून घ्यायचा. अमेरिकेतील २२२ रुग्णांवर झालेल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि हाताच्या वापरात सुधारणा दिसली. हा उपचार सर्वांना लागू पडत नाही, बोटांत थोडी तरी हालचाल असावी लागते, आणि तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. घरच्या घरी कोणाचा चांगला हात बांधून ठेवू नये. परंतु त्यामागचे तत्त्व सेवा करणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावे असे आहे. आपण जेवढे त्यांच्यासाठी करतो तेवढे ते करायचे थांबतात.

मी धरायचे थांबवले. टेबलावर गडद हिरवे फडके अंथरले, कारण फिकट रंगाचा भाग वर्तमानपत्रावर ठेवला तर उतारवयातल्या डोळ्यांना तो दिसतच नाही. फडक्याखाली कपाटाच्या फळीवर घालतात तो रबरी जाळीचा तुकडा घातला, म्हणजे वस्तू सरकत नाही. लहान भाग कपड्यांच्या चिमट्यात अडकवले. तो चिमटा डाव्या हाताने दाबून उघडायचा, हीच त्या चेंडूची जागा घेणारी कसरत झाली. फरक इतकाच की आता दाबल्यावर काहीतरी तयार होत होते. ब्रशच्या बारीक दांड्याला जुन्या सायकलच्या मुठीचे रबर चढवले.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. हा लेख लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठीच.

'एंटरप्राइझ'चा पुढचा भाग म्हणजे एक मोठी गोल थाळी. अण्णांनी तिला रंगाचा पहिला हात दिला, ब्रश धुतला आणि "झाली" म्हणून उठले. रात्री मी पाहिले तर थाळी अर्धीच रंगवलेली. उजवा अर्धा भाग नितळ, डावा अर्धा कोरा. मला वाटले, थकले असतील आणि कबूल करायचे नसेल. सकाळी त्यांना बरे वाटावे म्हणून मी रात्री अकरा वाजता दिवा लावून उरलेला अर्धा भाग रंगवून टाकला.

सकाळी त्यांनी थाळी हातात घेतली ती फिरवून, खिडकीच्या उजेडात. माझी बाजू त्यांच्या उजवीकडे आली. त्यांनी त्यावरून बोट फिरवले. "हे माझं काम नाही," एवढेच बोलून त्यांनी थाळी खोक्यात ठेवली आणि झाकण लावले. त्यानंतर बारा दिवस तो खोका उघडला नाही. ते माझ्याशी नीट बोलले, जेवले, व्यायाम केला, पण टेबलाकडे फिरकले नाहीत. मीही मनातून चिडले होते. एवढे काय झाले? आधी काम अर्धवट टाकायचे आणि वर रुसायचे!

त्याच सुमारास ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञ, घरी तपासायला आल्या. मी त्यांना हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगितले. त्यांनी तक्रार ऐकली आणि दुसरेच विचारले, "जेवताना ताटातलं काही उरतं का?"

उरत होते. गेले कित्येक दिवस चटणी आणि कोशिंबीर तशीच उरत होती, लिंबाची फोड न पिळलेली. मी समजत होते की आजारपणाने त्यांची तिखटा-आंबटाची चव गेली. आपल्याकडे ताट वाढण्याची रीत आठवा. भाजी-आमटी उजवीकडे, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे.

त्यांनी एका कागदावर इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या रेघा काढल्या आणि अण्णांना प्रत्येक रेघेवर फुली मारायला सांगितली. अण्णांनी उजव्या बाजूच्या सगळ्या रेघांवर व्यवस्थित फुल्या मारल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. डावीकडच्या सात-आठ रेघा तशाच राहिल्या. "झाल्या?" "झाल्या." आवाजात शंकेचा लवलेश नव्हता.

याला वैद्यकीय भाषेत 'निग्लेक्ट' म्हणतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कित्येकांच्या बाबतीत जगाची डावी बाजू जणू हिशेबातून वगळली जाते. डोळे अधू नसतात, चष्म्याचा नंबर वाढलेला नसतो. दिसते, पण लक्ष तिकडे जात नाही. आणि यातली खरी अडचण ही की काही राहून गेले आहे याची जाणीव त्या माणसाला नसते. दृष्टीचा अर्धा पट्टा गेलेली माणसे बहुधा मान वळवून ती कसर भरून काढतात. येथे मान वळवावी असे वाटतच नाही. अण्णांनी थाळी अर्धी टाकली नव्हती. त्यांच्या लेखी ती पूर्ण झाली होती, आणि मी त्यांच्या पूर्ण झालेल्या कामावर रात्री रंग फासला होता.

आपल्या घरी पक्षाघाताचा रुग्ण असेल, विशेषतः डावी बाजू दुबळी झालेला, तर थोडे निरखून पाहा. दाढी एकाच गालाची नीट होते का? दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो का? डाव्या पायातली चप्पल राहते का? आणि वर्तमानपत्र वाचणे अचानक सुटले आहे का? मराठी डावीकडून सुरू होते. प्रत्येक ओळीचे पहिले दोन-तीन शब्द गळाले तर बातमीचा अर्थच लागत नाही, आणि माणूस "त्यात काही नसतं हल्ली" म्हणून पेपर बाजूला ठेवतो. अण्णांनी तो असाच सोडला होता. हे हट्टीपणात किंवा विसराळूपणात मोजू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. पहिल्या काही महिन्यांत पुष्कळांच्यात हे आपोआप कमी होते, काहींच्यात रेंगाळते, आणि सरावाने त्यावर मात करता येते. मात्र असे काही एकाएकी, नव्याने दिसले, किंवा चेहरा वाकडा झाला, हात गळाला, बोलणे अडखळले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

त्या बाईंनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता. टेबलाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी लावायची. काम सुरू करताना आणि संपवताना आधी ती पट्टी शोधायची, तिथून नजर उजवीकडे आणायची. वर्तमानपत्राच्या डाव्या समासालाही तशीच लाल रेघ मारायची. यान ठेवायला त्यांनी केक सजवताना वापरतात तो फिरता पाट सुचवला. पाव फेरा फिरवायचा, रंगवायचे, पुन्हा पाव फेरा, म्हणजे राहिलेली बाजू आपोआप उजवीकडे येते. पाट फिरवायचे काम डाव्या हाताचे. घंटी, पाणी, औषधे अशा गरजेच्या वस्तू मात्र सरळ हाताशी, उजवीकडेच ठेवायच्या; त्यांच्यावर सराव करायचा नाही. ज्याकडे आवडीने पाहावे अशा गोष्टी डावीकडे.

तेराव्या दिवशी मी अण्णांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "माझ्या डोक्यात अर्धी थाळी नव्हतीच, तर तुला तरी काय कळणार." मग त्यांनी पॉलिश पेपर भिजवला आणि मी दिलेला रंग सगळा घासून काढला. त्याला तीन दिवस लागले. डाव्या हाताचा तळवा थाळीवर टेकवून त्यांनी ती पहिल्यांदाच स्वतः धरली होती. त्यानंतर डाव्या बाजूला त्यांनी दिलेला रंग थोडा जाड बसला आहे, दोन ठिकाणी ओघळही आहे. तो तसाच आहे.

माझ्या मुलाने पुण्याहून फोनवर त्यांना एक गंमत सांगितली. मालिकेच्या चित्रीकरणासाठी बनवलेले मूळ 'एंटरप्राइझ' सुमारे ११ फुटांचे होते. त्याच्या आतल्या दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने आत शिरत, म्हणून ती बाजू कधी पुरती सजवलीच नाही आणि कॅमेऱ्यासमोर आली ती उजवीच बाजू. १९७४ पासून ते यान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, आणि डागडुजी होऊन २०१६ साली ते पुन्हा दर्शनी ठेवले गेले. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्यांचं बरं होतं, कॅमेरा एकाच बाजूला. आपल्याकडे पाहुणे दोन्ही बाजूंनी येतात." दुसरी हकीकत त्यांना अधिक रुचली. १९६७ साली प्रदर्शित झालेल्या एका भागात मोडकेतोडके दुसरे यान दाखवायचे होते. निर्मात्यांनी दुकानात मिळणारा 'एंटरप्राइझ'चाच संच आणला, तो जाळून-पोळून घेतला आणि १७०१ या क्रमांकाचे आकडे हलवून १०१७ करून टाकले. पडद्यावर ते कोणाला खटकले नाही.

या विषयातली खरी सोय इथेच आहे. विमानाची किंवा आगगाडीची प्रतिकृती केली, तर चूक दाखवणारा जाणकार भेटतोच. अंतराळयान कोणी पाहिलेले नसते. हात थरथरून रंग ओघळला तर ती उल्केची खरचट ठरते. पातळ काळपट रंगाचे पाणी खाचांत सोडायचे आणि वरचे फडक्याने पुसायचे, की यान वापरातले दिसू लागते. जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग कडांवर नुसता घासला की त्या उठून येतात. या दोन्ही क्रियांना स्थिर हात लागत नाही, उलट थोडा अस्थिर असला तरी चालतो. पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचे काम मात्र खरोखर नाजूक आहे. यानाचे क्रमांक बसवताना अण्णांनी मला बोलावले. मी चिमट्याने सोडले आणि त्यांनी ओल्या ब्रशने जागेवर सरकवले. या खेपेस मला बोलावले होते, हा फरक.

आपण हे करून पाहणार असाल तर आणखी काही गोष्टी. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्यावेत. फवाऱ्याचे डबे दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाजवळ नकोत, आणि प्लास्टिकचा डिंक वापरताना खिडकी उघडी हवी. झटकन चिकटणारा डिंक बोटेच चिकटवतो, तो टाळलेला बरा. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळ्या छटांमधला फरक कमी कळतो, म्हणून बाटल्यांवर रंगाचे नाव ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. बसताना पाय जमिनीला टेकलेले, कोपरे टेबलावर, आणि दुबळा हात कधीही मांडीखाली लोंबता नको, तो टेबलावरच असू द्यावा, नाहीतर खांदा दुखावतो. अर्धा तास पुरे. पक्षाघातानंतरचा थकवा सांगून येत नाही. उठताना घाई करू नये. कंपवाताचे रुग्ण असतील तर औषधाचा अंमल चांगला असतानाची वेळ निवडावी आणि त्यापूर्वी कॉफी घेऊ नये. यानात दिवे बसवण्याचा मोह होतो, पण त्यासाठी लागणाऱ्या बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या नातवंडांनी गिळल्या तर प्राणावर बेतते. स्मृतिभ्रंश झालेले माणूस घरात असेल तर बारीक भागांबाबतही तीच काळजी. आम्ही दिवे लावले नाहीत.

अशा छंदाने विस्मरण टळते का, असे मला शेजारच्या काकूंनी विचारले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ साली ७० ते ८९ वयाच्या तेराशेहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत विणकाम, गोधडीकाम असे हस्तव्यवसाय किंवा वाचन करणाऱ्यांत सौम्य विस्मरणाचे प्रमाण कमी आढळले. पण ज्यांची बुद्धी तल्लख राहिली तेच असे छंद करू शकले असतील, हेही शक्य आहे. मला विचाराल तर यानाचा एवढा मोठा दावा कोणी करू नये. अण्णांचा डावा हात अजूनही जड आहे. चटणी मात्र आता उरत नाही, आणि पेपर पुन्हा सुरू झाला आहे, लाल रेघेसह.

सध्या आमच्याकडे पाऊस आहे. खारघरच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की भिंतीसुद्धा ओलसर लागतात, आणि अशा हवेत रंग वाळत नाही, त्याला चिकटपणा राहतो. त्यामुळे दुसऱ्या यानाचे रंगकाम दसऱ्यापर्यंत बंद. हे यान संचाचे नाही, औषधांच्या पाकिटांचे आहे, आणि त्याचा आराखडा अण्णांनी कारखान्यातल्यासारखा मापे टाकून काढला आहे. तोवर ते सुटे भाग घासत बसतात. परवा त्यांना कानस सापडेना. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. ती टेबलाच्या डाव्या टोकाला, पट्टीला लागूनच होती. मी काही बोलले नाही. त्यांनी उजवीकडे दोनदा चाचपले, थांबले, मग मान वळवून आधी लाल पट्टी शोधली.